किर्केनेसहून बाबांना पत्र

किर्केनेस, नॉर्वे

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. जिल्हा परिषदेत उभी हयात घालवलेल्या माणसाने विचारावा तोच प्रश्न तुम्ही विचारला आहे: एवढ्या विरळ वस्तीच्या मुलुखात विकासाची कामे कोण ठरवते आणि पैसा कोणाच्या हाती असतो? त्याचे उत्तर सविस्तर देते.

किर्केनेस ज्यात येते तो फिनमार्क प्रांत आपल्या गडचिरोली जिल्ह्याच्या तिपटीहून मोठा आहे, पण लोकसंख्या जेमतेम पाऊण लाख. ओस्लोला जायचे तर विमानाने दोन तास लागतात. रशियाची हद्द मात्र गावापासून मोटारीने पाव तासावर आहे. शीतयुद्धाच्या काळात नाटो आणि सोव्हिएत संघ येथे समोरासमोर उभे होते. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर नॉर्वेचे परराष्ट्रमंत्री थोरवाल्ड स्टोल्टेनबर्ग यांच्या पुढाकाराने ११ जानेवारी १९९३ रोजी याच गावात बॅरेंट्स सहकार्याच्या, म्हणजे उत्तरेकडील बॅरेंट्स समुद्रालगतच्या मुलुखातील देशांच्या परस्पर सहकार्याच्या, जाहीरनाम्यावर सह्या झाल्या. त्यात मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती ही तरतूद, की परराष्ट्रमंत्र्यांच्या परिषदेच्या जोडीला नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया यांच्या उत्तरेकडील प्रांतांची वेगळी परिषद स्थापन झाली आणि तीत सामी व इतर आदिवासी समाजांच्या प्रतिनिधींना स्थान मिळाले. नॉर्वेकडून येणारा निधी परराष्ट्र खात्याचा, परंतु तो वाटणारे बॅरेंट्स सचिवालय नॉर्वेच्या उत्तरेकडील प्रांतांच्या मालकीचे असून त्याचे कार्यालय राजधानीत नाही, किर्केनेसमध्ये आहे. त्यामुळे शाळांच्या भेटी, गायनवृंद, मुलांचे खेळ, पत्रकारांची देवाणघेवाण अशा छोट्या कामांना छोट्या रकमा मिळत गेल्या. मंत्रालयातील कोणाला ही कामे क्षुल्लक वाटली असती. येथे मात्र त्यांच्यामुळेच शेजारी एकमेकांना नावाने ओळखू लागले.

२०१२ पासून सीमेच्या दोन्ही बाजूंना ३० किलोमीटरच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना व्हिसाशिवाय ये-जा करण्याचा परवाना मिळू लागला. इकडचे लोक पेट्रोल भरायला निकेल गावी जात आणि तिकडचे लोक येथील दुकानांतून तान्ह्या मुलांचे डायपर गाड्या भरभरून नेत. गावातील रस्त्यांची नावे नॉर्वेजियन आणि रशियन अशा दोन लिप्यांत लिहिलेली आहेत, त्या पाट्या मी रोज पाहते. सगळेच सुरळीत झाले असे मात्र नाही. निकेलच्या धातू वितळवण्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या गंधकाच्या धुराने सीमेलगतची झाडे करपली; कारखाना सुधारण्यासाठी नॉर्वेने पैसा देऊ केला, तरी सुधारणा झालीच नाही आणि शेवटी डिसेंबर २०२० मध्ये कारखानाच बंद पडला.

त्यानंतर २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. रशियासोबतचे सहकार्य नॉर्डिक देशांनी थांबवले, सप्टेंबर २०२३ मध्ये रशिया परिषदेतून बाहेर पडला आणि पुढच्या वर्षी फिनलंडनेही बाहेर पडण्याचे जाहीर केले. आक्रमणानंतर पूर्वीसारखे हस्तांदोलन करत राहणे शक्य नव्हते, हे मला पूर्ण मान्य आहे. तरीही तीस वर्षे जपलेल्या ओळखी पाहता पाहता तुटल्या याचे फार वाईट वाटते, कारण या निर्णयांची झळ राजधान्यांपेक्षा या गावाला अधिक बसली. दुकानांतील गिऱ्हाईक गेले आणि मिश्र कुटुंबांना आईवडिलांच्या भेटीसाठीही अडचणी येऊ लागल्या.

जे टिकले ते नॉर्वे आणि रशिया या दोघांपैकी कोणालाही एकट्याने सांभाळता येत नाही म्हणून टिकले. १९७६ पासून काम करणारा नॉर्वे-रशिया संयुक्त मत्स्य आयोग बॅरेंट्स समुद्रातील कॉड मासे पकडण्याची मर्यादा अजूनही एकत्र ठरवतो. २०२५ साठी त्याने ती ३,४०,००० टनांवर आणली, म्हणजे १९९१ नंतरची तोवरची सर्वांत कमी. एकाने वाटेल तेवढे मासे पकडले तर समुद्र दोघांचाही रिकामा होईल, हे दोघांनाही कळते. पास्विक नदीचेही तसेच आहे. फिनलंडच्या इनारी सरोवरातून निघून ही नदी सीमेवरून वाहत समुद्राला मिळते. तिच्यावर सात जलविद्युत केंद्रे आहेत, त्यांतील पाच रशियाची आणि दोन नॉर्वेची. सरोवराची पातळी किती ठेवायची याचा तीन देशांचा करार १९५९ चा आहे. नदीकाठी उभे राहिले की या तीरावर नॉर्वेचा पिवळा खांब आणि समोर रशियाचा लाल-हिरवा खांब दिसतो, मधले पाणी एकच. मेडीगड्डा धरणाचे पाणी शेतात शिरल्यावर सिरोंच्याच्या शेतकऱ्यांचे काय झाले हे तुम्ही पाहिले आहे, त्यामुळे वरच्याने खालच्याला वेळेवर कळवण्याचे मोल मी तुम्हाला वेगळे सांगायला नको.

आता एक विनंती. २००५ च्या कायद्याने फिनमार्कमधील बहुतेक सरकारी जमीन एका स्थानिक संस्थेकडे आली असून तिच्या मंडळावरील निम्मे सदस्य सामी संसद निवडते. माझ्या एका सामी सहकाऱ्याला मी आपल्या गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेबद्दल आणि तिला २००९ मध्ये मिळालेल्या सामूहिक वनहक्काबद्दल सांगितले, तेव्हा सर्वसहमतीने निर्णय प्रत्यक्षात कसे होतात आणि एखाद्याने अडून धरले तर काय करतात, हे त्याने बारकाईने विचारले. मला नीट सांगता आले नाही. तुम्ही त्या गावी अनेकदा गेला आहात, तेव्हा आठवेल तेवढे लिहून पाठवावे. मी ते नॉर्वेजियनमध्ये त्याला समजावून देईन.

आईस साष्टांग नमस्कार, धाकट्यास आशीर्वाद.

तुमची,
मृणाल