सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुलं पत्र: कारवीवर एक वाद्यवृंद-नाटक होऊ द्या

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार,

मी व्हायोलिन वाजवतो, नाटकांना साथ करतो, आणि एकच मागणी घेऊन लिहितोय. सरकारने तीन-चार संगीतकारांना एकत्र बसवून सह्याद्रीवर रंगमंचासाठी एक मोठं वाद्यवृंदाचं काम करून घ्यावं. गाणं-निवेदन-गाणं असा कार्यक्रम नको, ते भरपूर होतात. नट, नर्तक आणि समोर बसून वाजवणारे चाळीस-पन्नास वादक, आधी रेकॉर्ड केलेला ट्रॅक लावून नाही हं, खरंखुरं लाइव्ह.

विषय शोधायला लांब जायला नको, सह्याद्रीतलं कारवीचं झुडूप घ्या. सात वर्षं नुसती हिरवी वाढत राहते, मग एका पावसाळ्यात अख्खा डोंगर जांभळा करून टाकते, फळं धरते आणि मरते, आणि ती वाळलेली फळं पुढच्या वर्षी पहिल्या पावसात भिजली की तडतड फुटतात, डोंगरभर आवाज येतो. साहेब, हे तर आयतं संगीत आहे! वाट बघण्याची सात वर्षं एकाने रचावीत, बहर दुसऱ्याने, आणि ते फुटणं हलगी-संबळ हाताखालून गेलेल्या तिसऱ्या कोणीतरी.

एकत्र बसून रचणं आपल्याकडे नवीन नाही. १९६७ साली शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा या तिघांनी मिळून 'कॉल ऑफ द व्हॅली' केलं, काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस, संतूर, बासरी आणि गिटारवर. आज इतक्या वर्षांनीही लोक ते ऐकतात. आणि नाटकातल्या साथीचं म्हणाल तर गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला साक्षात अहमदजान थिरकवाँ होते. त्या महाराष्ट्रात आज वादकांचं मानधन परवडत नाही म्हणून ट्रॅक वाजतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. यात पालघरचा तारपा, म्हणजे वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य, हवा, आणि तो दोन मिनिटांच्या 'लोकरंगा'पुरता नको. वारली घरांच्या कुडाच्या भिंती याच कारवीच्या काठ्यांच्या, वर शेणमाती, त्यावर ती पांढरी चित्रं, म्हणजे हा विषय मुळात त्यांच्या घरातला आहे. तारपा वाळलेल्या भोपळ्याचा, बांबूच्या नळ्यांचा, हाताने बनवलेला, त्यामुळे प्रत्येकाचा सूर वेगळा, तो वाजवताना पिळून वर-खाली करता येत नाही. व्हायोलिनच्या तारा मात्र खुंटी पिळली की मिळतात. मग वाद्यवृंदानेच तारप्याला सूर मिळवावा ना! आणि तारपा वाजवणाऱ्याचं नाव संगीतकारांच्या यादीत यावं, मानधन आणि रॉयल्टी इतरांइतकीच, 'सहकार्य'मध्ये बारीक अक्षरात नको.

यासाठी नवीन इमारत लागत नाही. प्रभादेवीला पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमी तुमच्याच खात्याची आहे, तालमी तिथे होतील. मुंबईत एनसीपीए या कलासंस्थेची सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे, त्यांच्याशी शासनाने रीतसर बोलावं, तंतुवाद्यांची बाजू तिथून उभी राहू शकते. खरी कमी आहे ती वेळेच्या पैशांची. महोत्सवाच्या एका रात्रीचा मांडव, लाइट, एलईडी स्क्रीन यांना निधी मिळतो, पण संगीतकाराने वर्षभर डोंगरात फिरावं, ऐकावं, लिहावं, फाडावं, पुन्हा लिहावं, वादकांनी महिना-दोन महिने तालीम करावी याला अनुदानाच्या फॉर्ममध्ये रकानाच नसतो. तो रकाना तयार करा, निर्मिती अनुदान म्हणा किंवा काहीही म्हणा.

पश्चिम घाट २०१२ साली जागतिक वारसा झाला, आपलं कास पठारही त्यात आहे. त्याचे फलक लागले, तिकिटं लागली, चांगलंच आहे, पण या डोंगरावर आपल्या संगीतकारांनी मिळून रचलेलं एवढ्या आवाक्याचं काम सरकारने करून घेतल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

पहिला प्रयोग मुंबईत झाला तरी दुसरा जव्हारला आणि तिसरा साताऱ्यात व्हावा, तिकीट परवडेल असं ठेवून. येत्या अर्थसंकल्पाआधी काही संगीतकार, तारपावादक आणि आम्ही वादक अशा मंडळींना एक बैठक द्या. पालघरहून येणाऱ्यांचा प्रवासखर्च तेवढा खात्याने करावा, बाकी आम्ही सांगाल त्या दिवशी येतो.

आपला,
नाटकांना साथ करणारा एक व्हायोलिनवादक