शिट्टी नसलेला सामना

एडिसन, न्यू जर्सी
सोमवार, रात्र

ति. आई आणि बाबा,
शि. सा. नमस्कार.

शनिवारी फोन उचलला नाही म्हणून आई, तू घाबरलीस. तुझे नऊ मिस्ड कॉल मी संध्याकाळी पाहिले. शनिवार-रविवार दोन्ही दिवस सकाळपासून अंधार पडेपर्यंत गळ्यात कॅमेरा अडकवून मैदानावर होते. फोनवर सांगायला गेले तर दोन मिनिटांत गाडी "जेवलीस का?"वर येते, म्हणून नीट बसून लिहितेय.

ऑफिसातली एक मैत्रीण अल्टिमेट नावाचा खेळ खेळते, तिच्या स्पर्धेचे फोटो काढायला गेले होते. गणपतीपुळ्याच्या वाळूत आपण फेकायचो तसलीच तबकडी, पण ही भक्कम, 175 ग्रॅमची. सात-सात जणांचे दोन संघ, या स्पर्धेत बायका-पुरुष एकत्र. मैदान साधारण शंभर मीटर लांब. तबकडी हातात आली की पळायचं नाही. एक पाय रोवून, समोरचा मोठ्याने दहापर्यंत मोजेल त्याच्या आत पुढे द्यायची. जमिनीला टेकली की दुसऱ्या संघाची. पलीकडच्या टोकाच्या पट्ट्यात झेलली की गुण.

आणि बाबा, पंच नाही. शिट्टी नाही. फाउल झाला तर ज्याला लागलं तो ओरडून सांगतो, दोघं तिथेच बोलतात, पटलं नाही तर तबकडी मागे जाते आणि तो डाव पुन्हा. जागतिक अजिंक्यपदातसुद्धा निर्णय खेळाडूंचाच. मला वाटलं होतं दहा मिनिटांत कॉलर धरतील. तुम्ही कबड्डीला पंच म्हणून जायचात तेव्हाच्या त्या फायनलची रात्र मी विसरलेले नाही. मध्यरेषेवर फक्कीत उभे होतात, भोवती चाळीस माणसं, आणि आई मला पदराखाली घेऊन ट्रॉलीमागे बसली होती. म्हणूनच मी दोन दिवस फोटोंपेक्षा भांडणांकडे जास्त लक्ष ठेवून होते.

हा खेळ इथलाच. एडिसनपासून फार लांब नाही असं मेपलवूड गाव आहे, तिथल्या कोलंबिया हायस्कूलच्या पोरांनी 1968 मध्ये तो सुरू केला. सुरुवातीच्या काळात तर शाळेच्या गाड्या लावायच्या डांबरी जागेवरही खेळायचे! कॉलेजांमधला पहिला सामना तर नदीपलीकडे न्यू ब्रुन्सविकला झाला, 6 नोव्हेंबर 1972 ला. रटगर्सने प्रिन्स्टनला 29-27 असं हरवलं. त्या रस्त्याने मी रोज जाते आणि मला पत्ता नव्हता.

शनिवारचे पहिले दोन तास वाया गेले. शटर 1/400 सेकंदावर ठेवलं होतं, प्रत्येक फोटोत तबकडीचा पांढरा फराटा. 1/1600 केलं तेव्हा कडा दिसू लागली. तरी झेल हुकतच होते, कारण मी तबकडीच्या मागे कॅमेरा फिरवत होते. मग तुमचं वाक्य आठवलं, चढाईवाल्याचे हात बघू नकोस, पाय बघ. गुडघ्यावर बसले आणि झेलणाऱ्याच्या पायांवर नजर ठेवली. सूर मारायच्या आधी शेवटचं पाऊल लांब पडतं, टाच वर होते. ते दिसलं की बोट दाबायचं. दुपारनंतर एकेक फोटो असा आला की माणूस जमिनीला समांतर, हवेत.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. रविवारी उपांत्य सामना, 12-12, पुढचा गुण ज्याचा तो जिंकणार. लाल टोपीवाल्या एका मुलीने माझ्यापासून दहा फुटांवर सूर मारला आणि गवतालगत तबकडी धरली. तिचा अख्खा संघ ओरडत धावत सुटला. प्रतिस्पर्धी पाठमोरा होता, त्याला काही दिसलं नव्हतं. ती उठली, कोपर रक्ताळलेलं, आणि म्हणाली, "आधी टेकली." तबकडी जमिनीवर ठेवली आणि मागे सरकली. तिच्या संघातलं कोणी तिला एक शब्द बोललं नाही. दोन मिनिटांनी दुसऱ्या टोकाला गुण झाला आणि ते हरले.

मी फोटो मोठा करून करून पाहिला. तिच्या बोटांआड कडा झाकलीये, काहीच ठरवता येत नाही. फक्त तिला माहीत होतं.

सामना संपला की दोन्ही संघ एकाआड एक खांद्यावर हात टाकून गोल उभे राहतात, आणि समोरच्यांचं काय आवडलं ते सांगतात. वागणुकीचे गुणही एकमेकांना देतात, वीसपैकी. त्या गोलात ती रडत होती. तो फोटो मी काढला नाही.

आई, जेवले. भडंगाचा डबा पहिल्या तासात संपला. इथले खेळाडू पायात गोळे येऊ नयेत म्हणून लोणच्याचं खारट पाणी पितात, मीही प्यायले. तुझ्या मिठातल्या लिंबाच्या पाण्याइतकं चांगलं नाही.

मोठे प्रिंट चार पाठवतेय, पुढच्या महिन्यात येणाऱ्या काकूंबरोबर. बाबा, चौथ्यात तबकडी बघू नका. त्या मुलीची उठतानाची मान बघा, आणि तुम्ही तिथे असतात तर काय दिलं असतं ते मला कळवा.

आणि आई, पांढऱ्या पँटच्या गुडघ्यावर गवताचा हिरवा डाग बसलाय. काय लावू?

तुमची,
मनू