ऐकलेल्या तासाचंही मानधन द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्राध्यापक भरतीच्या बातम्या आपल्या अंकात नेहमी येतात. किती जागा रिक्त, किती भरणार, नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास झालेल्यांचं म्हणणं काय, सगळं वाचतो. पण नेमणूक झालेला माणूस वर्गात उभा राहिल्यावर पुढे काय होतं, याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. म्हणून हे पत्र. मी प्राध्यापक नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होतो, तिथूनच निवृत्त झालो. लॅब आणि वर्ग यांच्यामध्ये प्लायवूडचं पार्टिशन होतं. त्यामुळे बी.एस्सी.चा अभ्यासक्रम मी परीक्षा न देता कितीतरी वेळा पुरा केला आहे.

माझी पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. पहिलीच्या पोरांना शिकवण्यासाठी तिला दोन वर्षं डी.एड. करावं लागलं. टाचण वही, सराव पाठ, मागच्या बाकावर वही घेऊन बसलेले अध्यापक आणि पाठ संपल्यावर सगळ्यांसमोर चिरफाड. "फळ्याशी बोलत होतीस", "खिडकीकडच्या रांगेला एकही प्रश्न नाही" हे शेरे तिला अजून तोंडपाठ आहेत. उलट एम.एस्सी. होऊन नेट किंवा सेट काढलेला मुलगा सोमवारी हजर होतो, हातात टाइमटेबल पडतं आणि अकराच्या तासाला तो एस.वाय.च्या वर्गावर. शिकवण्याबद्दल त्याला कुणी काही विचारलेलं असतं ते नेटच्या पहिल्या पेपरात. ५० प्रश्न, दहा घटक, त्यातला एक घटक अध्यापनाचा, तोही चार पर्यायांतून एक निवडण्याचा. नुसत्या लेखी पेपरावर एसटीचं स्टिअरिंग कुणी हातात देत नाही.

ही मुलं कामचुकार असतात असं मला म्हणायचं नाही. बहुतेक जण विषयात पक्के असतात आणि रात्री जागून नोट्स काढतात. त्यांना कुणी सांगणारं नसतं, एवढंच.

आमच्याकडे एक बाई तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पैशांवर, लागल्या होत्या. ऑस्मोरेग्युलेशन शिकवत होत्या, म्हणजे प्राणी शरीरातलं पाणी आणि क्षार यांचा तोल कसा राखतात ते. पार्टिशनपलीकडून मला फक्त त्यांचा आवाज ऐकू यायचा. इंग्रजीत एक वाक्य, तेच परत एकदा सावकाश, मग पुढचं. उदाहरण पुस्तकातलं, सालमन माशाचं. आमच्या बाजारात सालमन म्हणजे रावस, तोही शहरी गिऱ्हाईक दिसलं तरच. वर्गातली कितीतरी मुलं पूर्णगड-गावखडीकडून एसटीने येणारी, खाडीकाठची. पावसात खाडीचं पाणी गोडं होतं, उन्हाळ्यात वरपर्यंत खारं चढतं, हे त्यांना शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. पण ते कुणी विचारलंच नाही आणि मुलंही मान खाली घालून लिहीत राहिली.

विभागात निवृत्तीला आलेले एक सर होते. ते बाईंना एवढंच म्हणाले, "उद्या माझा तास आहे, बसायला येता का?" मला त्यांनी सकाळी बाजारातून जिवंत तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) आणि समुद्राचं कॅनभर पाणी आणायला पाठवलं. तास सुरू होताच टेबलावर दोन काचपात्रं मांडली. एकात समुद्राचं पाणी, दुसऱ्यात नळाचं, दोन्हींत सारख्याच तिसऱ्या, आणि वरून फडकं. मग प्रश्न केला, अर्ध्या तासाने कुठल्या पात्रातल्या तिसऱ्या तोंड उघडतील? हात वर झाले, निम्मे इकडे, निम्मे तिकडे. सर म्हणाले, आता शेजारच्याशी भांडा. वर्गात हा गलका! मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभर हजेरीपलीकडे बोलली नव्हती, ती उठून म्हणाली, "नळाच्या पाण्यात नाय उघडणार सर. आई मिठाच्या पाण्यात ठेवते, तेव्हाच त्या वाळू टाकतात." सरांनी विचारलं, का? त्यावर सगळा वर्ग गप्प. सरांनी तो "का?" फळ्यावर मोठ्ठा लिहिला आणि मग धडा सुरू केला. तासाच्या शेवटी परत हात वर करून घेतले, तेव्हा बरेचसे हात बाजू बदलून आले होते. फडकं काढलं तर खाऱ्या पाण्यातल्या काहींनी नळ्या बाहेर काढलेल्या, तळाला वाळू पडलेली. नळाच्या पाण्यातल्या साऱ्या घट्ट मिटलेल्या. नंतर कल्ल्याचा एक तुकडा खाऱ्या पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. त्यावरचे बारीक केस सपासप हलत असतात. कडेने नळाचं पाणी सोडलं की मंदावत जातात. बघायला रांग लागली, पुढच्या तासाची घंटा झाली तरी हटेना.

तास संपल्यावर बाईंनी विचारलेला प्रश्न मला आवडला. "सर, फडकं कशाला?" सर म्हणाले, "उघडं दिसलं असतं तर डोकं कुणी चालवलं असतं? आधी पैज लागायला हवी." पुढच्या आठवड्यात सर बाईंच्या तासाला मागे जाऊन बसले आणि नंतर एकच गोष्ट सांगितली. प्रश्न विचारता आणि उत्तरही लगेच तुम्हीच देता, मनात दहापर्यंत मोजा. सत्र संपेपर्यंत पार्टिशनपलीकडून मला बाईंशिवाय दुसरेही आवाज येऊ लागले होते.

त्या सरांकडूनच कळलं की हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९९१ पासून वर्गात हीच रीत चालवली: प्रश्न, मत, शेजाऱ्याशी चर्चा, परत मत. २०१४ चा एक शोधनिबंध छापून सरांनी लॅबच्या दाराला आतून चिकटवला होता. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचा त्यात एकत्र हिशेब होता. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सुमारे ३४ टक्के नापास, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२. इंग्रजी मला बेताचं, पण आकडे वाचता येतात.

त्याच २०१४ मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) प्राणिशास्त्रातलं विच्छेदन बंद केलं. मेणाचे ट्रे आणि टाचण्या मीच माळ्यावर टाकल्या. बेडूक वाचले ते बरंच झालं. पण पूर्वी शिक्षक कच्चा असला तरी मुलांचे हात काहीतरी शिकून जायचे. आता चार्ट आणि संगणक उरले, आणि सगळी भिस्त शिकवणाऱ्याच्या कौशल्यावर.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. १९८६ च्या धोरणानंतर अध्यापकांसाठी अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली, नंतर त्यांचं नाव बदलून मनुष्यबळ विकास केंद्र झालं, आणि २०२३ पासून मालवीय मिशन ही शिक्षक-प्रशिक्षणाची योजना आहे. तिथल्या रिफ्रेशर कोर्सला चांगली व्याख्यानं होतात असं जाऊन आलेले सांगतात. पण माणूस त्याच्या स्वतःच्या वर्गात, त्याच्या विषयात, त्याच्या मुलांसमोर कसा शिकवतो हे बघायला तिथून कुणी येत नाही. शिवाय ते प्रमाणपत्र लागतं बढतीला. तासिका तत्त्वावरच्या माणसाला बढतीच नाही, तो प्रमाणपत्र घेऊन काय करणार? २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत संशोधक विद्यार्थ्यांना अध्यापनाचं प्रशिक्षण आणि आठवड्याला चार ते सहा तास ट्युटोरियल किंवा लॅबचं काम देण्याची तरतूद आहे. ती चांगली, पण एम.एस्सी.नंतर नुसत्या सेटवर थेट वर्गावर येणाऱ्याला तिचा काय उपयोग?

खरी अडचण वेगळीच आहे. सरांच्या तासाला बसायला बाई स्वतःचा तास नसलेल्या दिवशी पदरच्या खर्चाने एसटीने आल्या होत्या. घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, ऐकलेल्या तासाचे नाहीत. माझी मागणी एवढीच की तासिका तत्त्वावरच्या प्रत्येक नव्या शिक्षकाच्या पहिल्या सत्रात काही तास दुसऱ्याच्या वर्गात बसायला राखून ठेवावेत, आणि तितकेच तास त्याच्या वर्गात कुणीतरी बसावं. या तासांचं मानधन आणि प्रवासखर्च दोघांनाही द्यावा. लहान महाविद्यालयात विभागात एकटाच माणूस असतो, तिथे शेजारच्या महाविद्यालयातला विषयशिक्षक चालेल. मुंबई विद्यापीठाचं रत्नागिरीत उपकेंद्र आहे, विषयवार यादी तिथे सहज होईल. पैसे कुठून आणायचे म्हणाल, तर एका राष्ट्रीय परिसंवादाच्या शाली, श्रीफळं आणि जेवणावळ यांत एका विभागाचं सत्र निघेल असा माझा अंदाज आहे. परिसंवादाची भांडी आवरायला मीच असायचो.

एक अट मात्र हवी. याचा फॉर्म काढू नये. फॉर्म आला की नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, फाइल येते, फाइलबरोबर ठिकाणाची नोंद असलेला जिओटॅगचा फोटो, मग फोटोपुरतेच लोक मागच्या बाकावर बसतात. आणि बघणाऱ्याचा शेरा गोपनीय अहवालात गेला, तर उद्यापासून दार आतून बंद. जे बोलायचं ते त्या दोघांत, चहा पिताना.

त्या बाईंना पुढच्या वर्षी वर्कलोड नाही म्हणून बोलावलं नाही. आता त्या बँकेत आहेत.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा परिचर,
जि. रत्नागिरी

(नाव छापू नये ही विनंती. जुनी स्टाफरूम मला अजून लग्नाकार्यात भेटते.)