तलावपाळीवरच्या खाऊगाड्यांना शहराचे वैभव मानावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत, एखाद्या शहरात दोन दिवसांसाठी गेल्यास कुठे काय खावे, याच्या याद्या अधूनमधून प्रसिद्ध होतात. मी त्या मनापासून वाचते आणि कात्रणे काढून ठेवते, कारण निवृत्तीनंतर मी आणि माझी धाकटी बहीण वर्षातून दोन-तीन वेळा अशाच छोट्या सहली करतो. शुक्रवारी रात्री गाडीत बसायचे, शनिवार-रविवार पायी फिरून त्या गावचे खायचे आणि सोमवारी सकाळी घरी परतायचे, असा आमचा शिरस्ता आहे. या फिरण्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. पत्त्यांची यादी कितीही लांब असली, तरी त्या शहराच्या खाण्याच्या वेळा कळल्याशिवाय आणि निवांत उभे राहून किंवा बसून खाता येईल अशी जागा सापडल्याशिवाय दोन दिवसांच्या पाहुण्याच्या हाती फारसे काही लागत नाही. ठाण्याकडे तशी जागा आहे आणि ती म्हणजे मासुंदा तलावाचा काठ, आमची तलावपाळी. तिच्याविषयी हे पत्र लिहीत आहे.

इंदूरला आम्ही बोरिवलीहून रात्रीच्या गाडीने गेलो होतो. शेव आणि जिरावण मसाला पेरलेले पोहे आणि सोबत गरम जिलबी ही तिथली न्याहारी, आणि ती सकाळीच खावी. तिथल्या सराफा बाजारात मात्र आम्ही पहिल्या दिवशी संध्याकाळी सहालाच जाऊन उभ्या राहिलो, तेव्हा तिथे खाण्याचे काहीच नव्हते. सोन्याचांदीची दुकाने चालू होती. ती बंद झाल्यावर त्यांच्याच दारांसमोर भुट्ट्याचा कीस, दहीवडे आणि थंडीच्या दिवसांतले गराडू हे कंद मांडले जातात, हे आम्हाला एका सराफाच्या दुकानातील वयस्क नोकराने सांगितले, म्हणून आम्ही रात्री पुन्हा गेलो. अहमदाबादच्या माणेकचौकाचेही तसेच आहे. सकाळी भाजीबाजार, दिवसा सराफी आणि रात्री खाण्याची झुंबड, असे एकाच चौकात तीन बाजार नांदतात. कुणीही वाटाड्या नसताना आम्हाला या दोन्ही शहरांत पोटभर आणि निर्धास्तपणे खाता आले, याचे मोठे कारण म्हणजे तिथले बहुतेक खाणे एका जागी, चालण्याच्या अंतरावर होते आणि तिथल्या माणसांना ते पाहुण्याला दाखवण्याचा अभिमान होता.

ठाण्यालाही असे खाण्याचे वेळापत्रक आहे, पण आपण ठाणेकरांनी ते कुणाला नीट सांगितलेले नाही. गेल्या हिवाळ्यात माझे चार नातेवाईक नागपूरहून एका दिवसासाठी आले. त्यांच्या मोबाइलमध्ये ठाण्यातील नऊ ठिकाणांची यादी तयार होती. त्यांनी अकरा वाजता मामलेदार कचेरीशेजारची, त्या कचेरीचेच नाव लाभलेली मिसळ खाल्ली. तर्रीची सवय असलेल्या नागपूरकरांना तिच्या तिखटाचे भय वाटले नाही आणि त्यांनी रस्सा आणखी मागून घेतला. लगेच स्थानकाजवळच्या कुंजविहारचा भला मोठा वडापाव झाला. त्यामागोमाग नौपाड्यातील गजाननचा वडापाव झाला, कारण त्याच्यासोबत मिळणारी बेसनाची पिवळी चटणी त्यांना मुद्दाम चाखायची होती. (वडापाव १९६६ साली दादर स्थानकाबाहेर जन्मला असे मानले जाते, पण ही पिवळी चटणी आम्हा ठाणेकरांच्या जिव्हाळ्याची आहे, हे मी त्यांना आवर्जून सांगितले.) दुपारी दोन वाजता त्यांच्या पोटात घासाला जागा उरली नव्हती आणि पाच वाजता ते परतीला निघाले. नऊपैकी तीन नावे पूर्ण झाली होती. तलावपाळीचे नाव त्या यादीत होते, पण ती जागा संध्याकाळची आहे, हे तिच्यापुढे कुणी लिहिलेले नव्हते.

मला याची खंत वाटते. मासुंदा तलावाच्या काठी दिवे लागल्यावर जे ठाणे दिसते, ते इतर कुठल्याही वेळी दिसत नाही. एका बाजूला कोपिनेश्वराच्या देवळातून बाहेर पडणारी मंडळी, दुसऱ्या बाजूला गडकरी रंगायतनातील मध्यंतराच्या चर्चा, पाण्यात नौकाविहाराच्या होड्या आणि या सगळ्याच्या कडेने भेळ, पाणीपुरी, शेवपुरी, पावभाजी, भाजलेली कणसे आणि बर्फाचे गोळे. १८५३ साली १६ एप्रिलला देशातील पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ज्या ठाण्यात येऊन थांबली, त्या ठाण्याच्या स्थानकापासून ही जागा रमतगमत गेले तरी फार दूर नाही. मुंबईहून, कल्याणहून किंवा वाशीहून लोकलने आलेल्या माणसाला रिक्षाचीही गरज पडत नाही. दोन तासांच्या खाद्यफेरीसाठी याहून सोयीची जागा मुंबई परिसरात मला तरी माहीत नाही.

इथेच मला अहमदाबादच्या कांकरिया तलावाची आठवण होते. तोही शहराच्या मध्यावरचा जुना तलाव, १४५१ साली बांधून झालेला. त्याच्या काठच्या खाद्यविक्रेत्यांना २०१८ साली देशातील पहिले ‘स्वच्छ स्ट्रीट फूड हब’ म्हणून भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची मान्यता मिळाली. पुढे इंदूरच्या ‘छप्पन दुकान’ या खाऊगल्लीलाही ती मिळाली. या मान्यतेमागची रीत मला फार पटते. आधी तपासणी करून उणिवा दाखवायच्या, मग विक्रेत्यांना पाणी, हातांची आणि भांड्यांची स्वच्छता, कचरा आणि अन्न झाकून ठेवणे यांचे प्रशिक्षण द्यायचे, सुधारणेला वेळ द्यायचा आणि पुन्हा तपासणी करून मगच मान्यता द्यायची, असा तो क्रम आहे. त्यात गाडीवाल्याला हुसकावणे नाही आणि त्याच्या चुकांकडे डोळेझाकही नाही. मासुंदा तलावाच्या काठी हे का होऊ नये? ठाणे महानगरपालिकेने असा प्रस्ताव तयार करावा, ही माझी पहिली मागणी आहे.

त्यासाठी कायद्याचा आधारही आहे. पथविक्रेत्यांविषयीच्या २०१४ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असते. तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांमधून निवडून यायचे असतात आणि त्यांतील एकतृतीयांश महिला असाव्या लागतात. ज्यांच्या हातचे आपण वर्षानुवर्षे खात आलो, त्यांचे म्हणणे याच समितीत ऐकले गेले, तर कोणती गाडी कुठे उभी राहावी, चालणाऱ्यांना वाट कशी मोकळी राहावी, हे रोजच्या वादाऐवजी एकदाच ठरू शकेल. पाहुणे म्हणून आम्ही जिथे जिथे गेलो, तिथे माझ्या बहिणीला पहिली काळजी स्वच्छतागृहाची वाटली, आणि साठी ओलांडलेल्या कोणत्याही बाईला ती वाटेलच. म्हणून तलावाभोवती ठळक अक्षरांत स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि हात धुण्याची जागा दाखवणाऱ्या पाट्या असाव्यात, एवढे साधे काम तरी तातडीने व्हावे.

विक्रेत्यांनाही दोन गोष्टी सांगायला हव्यात. तेल पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात तयार होणाऱ्या ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाले, तर ते तेल पुन्हा वापरता येत नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. रंग काळपट झालेल्या, फेस धरणाऱ्या तेलात आणखी एक घाणा काढण्याचा मोह त्यांनी टाळावा. दुसरे म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदात वडे-भजी बांधून देणे थांबावे. छपाईची शाई गरम, तेलकट पदार्थाला लागते आणि ती पोटात जाऊ नये म्हणूनच त्यावर बंदी आहे. वर्तमानपत्रावर जिवापाड प्रेम करणारी मी ही विनंती वर्तमानपत्रातूनच करते आहे, यातला माझा कळकळीचा भाव आपण समजून घ्याल.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. ठाण्याचे आणि नवी मुंबईचे मूळचे खाणे आगरी-कोळ्यांचे. तांदळाची भाकरी, ओले आणि सुके बोंबील, जवळा, खाडीतली चिंबोरी, निवट्या, आणि घरोघरी वेगळ्या प्रमाणात कुटलेला मसाला ही या खाडीकाठची खरी ओळख आहे. तरीही चेंदणी कोळीवाड्यापासून बेलापूरजवळच्या दिवाळे गावापर्यंत हे जेवण बव्हंशी घरांत, लग्नकार्यात आणि वर्षातून एकदा भरणाऱ्या महोत्सवांत राहते. नेमका त्याच आठवड्यात न आलेल्या पाहुण्याला ते भेटत नाही. तलावपाळीवर शनिवारी-रविवारी चार-पाच गाळे कोळी आणि आगरी महिलांच्या बचत गटांना आळीपाळीने द्यावेत. देवळाचा परिसर लक्षात घेऊन हे गाळे तलावाच्या दुसऱ्या अंगाला ठेवता येतील. नवी मुंबईतही सिडकोने बांधलेल्या मोठमोठ्या स्थानक-संकुलांत अशी जागा काढणे अवघड नसावे.

शेवटी आपल्याकडेच एक मागणे आहे. यापुढे पुरवणीत अशी यादी छापताना प्रत्येक नावापुढे तो पदार्थ ताजा कधी मिळतो, संपतो कधी आणि आठवड्याची सुटी कोणत्या वारी असते, हे अवश्य छापावे. माझे नागपूरचे नातेवाईक पुढच्या हिवाळ्यात पुन्हा येणार आहेत. त्यांना दुपारी दोनच्या गाडीने येण्यास मी आताच कळवले आहे.

आपली विश्वासू,
एक ज्येष्ठ वाचक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)