लॉग टेबल चालते, मग आवर्तसारणी का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेवर सूचना असते: लॉग टेबल वापरता येईल, कॅल्क्युलेटर नाही. म्हणजे लॉगचे आकडे पाठ करून यावेत अशी कुणाची अपेक्षा नाही, आणि ते योग्यच आहे. मग त्याच पेपराला आवर्तसारणी, म्हणजे सगळ्या मूलद्रव्यांचा तक्ता, का मिळू नये? इंग्लंडात जीसीएसईच्या (आपल्या दहावीसारख्या परीक्षेच्या) मुलांना ती परीक्षेत छापील मिळते. आपल्याकडे ती डोक्यात घेऊन यायची.

डोक्यात ती कशी भरली जाते, हे आम्ही रोज ऐकतो. ‘हलीना के रब से फरियाद’: हायड्रोजन, लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सीझियम, फ्रान्सियम. अकरावीचा वर्ग एका सुरात म्हणतो. परवा विचारले, पाण्यात सोडियम टाकले तर जास्त धडाका होईल की पोटॅशियम? सगळे चिडीचूप. उत्तर त्यांनी नुकत्याच म्हटलेल्या ओळीतच होते. ती ओळ म्हणजे सारणीचा पहिला उभा स्तंभ, म्हणजे गण, वरून खाली. गणात खाली जावे तसा अणू मोठा होतो, बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब पडतो आणि चटकन सुटतो; म्हणून पोटॅशियम पाण्यावर पडताच जांभळट ज्योतीने पेट घेते.

ही सारणी मुळात अंदाज बांधण्यासाठी आहे. 1869 मध्ये रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने ती मांडली तेव्हा 63 मूलद्रव्ये ठाऊक होती. जिथे गुणधर्म जुळेनात तिथे त्याने सरळ जागा मोकळी सोडली. अ‍ॅल्युमिनियमखालच्या रिकाम्या घरात येणाऱ्या धातूची घनता (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) सहाच्या आसपास असेल, हेही सांगून ठेवले. 1875 मध्ये फ्रान्सच्या बुआबोद्राँला तो धातू, म्हणजे गॅलियम, सापडला. पण घनता भरली 4.7. मेंडेलीव्हने कळवले, नमुना शुद्ध करून पुन्हा मोजा. पुन्हा मोजली, 5.9 आली! धातू ज्याच्या हातात होता त्याचे चुकले, ज्याने तो पाहिलाही नव्हता त्याचे बरोबर निघाले.

सारणी दिली तर विचारायचे काय, असे काही सहकारी म्हणतात. भरपूर आहे. टेल्युरियमचे अणुवस्तुमान 127.6, आयोडीनचे 126.9, तरी आयोडीन नंतर का? मेंडेलीव्हचा क्रम अणुवस्तुमानाचा होता, पण आयोडीनला त्याने गुणधर्म पाहून क्लोरीन-ब्रोमीनच्या रांगेत बसवले, आणि 1913 मध्ये इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ मोस्लेच्या क्ष-किरणांच्या प्रयोगांमुळे कळले की खरा क्रम अणुअंकाचा (केंद्रकातल्या प्रोटॉनच्या संख्येचा), 52 आणि 53. किंवा क्रोमियममध्ये 4एस कक्षकात (इलेक्ट्रॉनच्या सर्वांत बाहेरच्या घरात) एकच इलेक्ट्रॉन का, हे विचारा. सारणीकडे तासभर टक लावली तरी याचे उत्तर उतरवून काढता येणार नाही.

पहिली वीस मूलद्रव्ये पाढ्यांसारखी तोंडपाठ हवीतच, त्याबद्दल वाद नाही. पण पुढच्या घरांसाठी मुलांच्या रात्री का घालवायच्या?

मंडळाला विनंती एवढीच, की प्रश्नपत्रिकेच्या शेवटी एक पान जोडावे: संज्ञा, अणुअंक, अणुवस्तुमान, बस्स. नावे नकोत, इलेक्ट्रॉन संरूपणही (कोणत्या कक्षकात किती इलेक्ट्रॉन, ही मांडणी) नको. आणि छापताना सारणी ताजी घ्यावी. आमच्या प्रयोगशाळेतल्या तक्त्यावर 113 च्या घरात अजून ‘उनउनट्रियम’ नांदते आहे; 2016 मध्येच त्याचे निहोनियम झाले.

आपली,
रसायनशास्त्राची एक शिक्षिका, सातारा