‘इंजिन गार होऊ दे’ : कोल्हापूरच्या उद्यमनगरातील मिस्त्रींना जाहीर आभारपत्र

आदरणीय मिस्त्री,

सप्रेम नमस्कार.

मागच्या वर्षी मार्च महिन्यात मी जी पांढरी पेट्रोल गाडी पसंत केली होती, ती आपण मला घेऊ दिली नाहीत, आणि त्याबद्दल आपले नीट आभार मानायचे माझ्याकडून राहून गेले. त्या दिवशी आपण दोन वेळा माझ्याबरोबर आलात, गॅरेज बंद ठेवलेत आणि हातावर ठेवलेल्या पैशांतले पाचशे रुपये घेऊन बाकीचे परत केलेत. म्हणून हे चारचौघांत लिहितो आहे. जुनी गाडी घ्यायला निघालेल्या आणखी कुणाच्या ते उपयोगी पडले, तर ते श्रेयही आपलेच आहे.

माझी गरज आपल्याला ठाऊक होती. वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी कोल्हापूरला न्यावे लागते, आणि गगनबावड्याकडच्या आमच्या गावाहून तो रस्ता एका बाजूने पंचावन्न किलोमीटरचा आहे. पावसाळ्यात साळवणच्या पुढे रात्री गाडी बंद पडली तर मदतीला माणूस मिळत नाही. हाताशी साडेतीन लाख रुपये होते. एवढ्या पैशांत मीटरवर बासष्ट हजार किलोमीटर दाखवणारी, नव्या सीटकव्हरची, धुऊन पुसून लख्ख केलेल्या इंजिनाची गाडी मिळते आहे, याचाच मला आनंद झाला होता.

सकाळी सात वाजता आपण ती गाडी पाहायला गेलो, तेव्हा आपण बॉनेट उघडून आधी रेडिएटरच्या वरच्या पाइपवर तळहात ठेवलात आणि म्हणालात, “सर, ही आत्ताच गरम करून ठेवलीया. इंजिन गार होऊ दे, मग बघू.” एजंट घाई करत होता, तरी आपण तीन तास शेजारच्या चहाच्या टपरीवर बसून राहिलात. त्या तीन तासांत आपण मला जे सांगितलेत, ते मी शिक्षक असूनही मला कुणी इतके सोपे करून सांगितले नव्हते. गरम इंजिन आपली बरीच दुखणी झाकते. व्हॉल्व्हचे सील गेलेले असतील, तर गाडी उभी असताना ऑइल थेंबाथेंबाने सिलिंडरमध्ये उतरते आणि पहिल्या स्टार्टला निळा धूर होऊन बाहेर पडते. दोन मिनिटे इंजिन चालले की तो धूर विरतो, आणि गिऱ्हाईक नेमके त्यानंतर येते. पांढरा धूर बराच वेळ राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉक आणि हेडमधल्या सीलचा, संशय घ्यायचा. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पिवळट थर दिसला, तर पाणी ऑइलमध्ये मिसळत असू शकते. मात्र रोज जेमतेम दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीतही तो थर धरतो, म्हणून एवढ्यावरून निकाल द्यायचा नाही, हेही आपण आवर्जून सांगितलेत.

दहा वाजता गाडी सुरू केली आणि सायलेन्सरमधून निळा धूर निघाला. मला तेवढे पुरेसे होते, पण आपल्याला नव्हते. आपण एकेक प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजलेत. चारपैकी तीन सिलिंडरमध्ये काटा १७० पीएसआयच्या (दाबाचे एकक) आसपास गेला, तिसऱ्या नंबरच्या सिलिंडरमध्ये मात्र ११० वर थांबला. मग आपण त्याच सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलेत, आणि काटा १५० वर चढला. ऑइलने फट बुजून दाब वाढतो याचा अर्थ गळती पिस्टनच्या रिंगांतून आणि बोअरमधून (सिलिंडरच्या झिजलेल्या भिंतीकडून) आहे; व्हॉल्व्ह बसत नसते तर आकडा फारसा हलला नसता. हाफ इंजिनाचे, म्हणजे इंजिन उघडून पिस्टन-रिंगांचे, काम निघणार, हे चमचाभर ऑइलने सिद्ध केलेले मी डोळ्यांनी पाहिले. ब्रेक पेडलचे रबर झिजून गुळगुळीत झालेले आपण नंतर दाखवलेत, आणि गाडीच्या नंबरावरून सर्व्हिसची जुनी नोंद काढली तेव्हा तीन वर्षांपूर्वीच मीटर एक लाख एकतीस हजारांवर होते असे निघाले.

त्यानंतर आपणच मला २०१४ ची डिझेल डिझायर दाखवलीत. मीटरवर १,८६,४०० हा आकडा पाहून मी नको म्हणालो. आपण रागावला नाहीत. मालकाने जपून ठेवलेली बिले माझ्यासमोर ठेवलीत. दर दहा हजारांना ऑइल आणि फिल्टर बदललेला, एकच मालक, आणि बहुतेक धाव कोल्हापूर–पुणे हायवेवरची. इंजिनाची झीज सगळ्यात जास्त गार स्टार्टला होते, कारण ऑइल वरपर्यंत पोचायला क्षणभर वेळ लागतो. पुण्यापर्यंतच्या दोनशे तीस किलोमीटरला एकदाच स्टार्ट मारावा लागतो, तर तेवढेच अंतर गावात पाच-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांनी कापले तर सेहेचाळीस वेळा. किलोमीटर किती झाले यापेक्षा ते कसे झाले हे विचारावे, हे मला तेव्हा उमगले.

ते १२४८ सीसीचे मल्टिजेट इंजिन आपल्या हाताखालून शेकड्याने गेले असेल. मूळचे फियाटचे हे इंजिन मारुती, टाटा आणि फियाट अशा तिन्ही कंपन्यांच्या गाड्यांत बसले, आणि एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम आल्यावर मारुतीने डिझेल बंद केले, तरी त्याचे सुटे भाग आजही सहज मिळतात. व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या हालचालीशी जुळवायला त्याला टायमिंग बेल्ट नसून चेन आहे, ही मला सोय वाटली होती. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, त्यामुळे ऑइल खराब किंवा कमी झाले की चेन सैल पडते, आणि दात सोडून चेन उडाली तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात, ही दुसरी बाजू आपण दाखवलीत. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक चेनच्या कव्हरला लावून आपण डोळे मिटून बराच वेळ ऐकत उभे होतात. मग इंजिन चालू असतानाच ऑइलचे झाकण काढून ते तोंडावर उलटे ठेवलेत. झाकण थरथरले, पण उडाले नाही. “बॅक कॉम्प्रेशन मारत न्हाई,” आपण म्हणालात, म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांजवळून खाली निसटत नाही, आणि तेव्हा पहिल्यांदा आपल्या चेहऱ्यावर समाधान दिसले. इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या टर्बोचा पाइप सोडवून त्याचा शाफ्ट बोटांनी हलवून पाहिलात. बाजूला किंचित खेळ होता, पुढे-मागे अजिबात नव्हता. शेवटी चौघेजण बसून जोतिबाचा चढ चढलो, आणि आपण स्कॅनरवर पाण्याचे तापमान नव्वद अंशांच्या आसपास स्थिर राहते का, हे वरपर्यंत पाहत होता.

गाडीत दोष नव्हते असे नाही. क्लच संपत आला होता, डिझेल फवारणाऱ्या एका इंजेक्टरखाली गळती होती, इंजिनाचे माउंटिंग (इंजिनाला धरणारा रबरी आधार) बसले होते. पंचवीस हजारांचा खर्च निघेल हे आपण मालकासमोरच सांगितलेत आणि तेवढा भाव उतरवून घेतलात. तीन लाख दहा हजारांत व्यवहार झाला. तो एजंट पूर्वी आपल्याकडे कामाला गाड्या पाठवत असे आणि त्या दिवसापासून त्याने पाठवणे बंद केले, हे मला कित्येक महिन्यांनी आपल्या हाताखालच्या मुलाकडून कळले. आपण त्याबद्दल एक शब्दही बोलला नव्हता. हे ऐकल्यापासून पत्र लिहायचे मनात होते.

जुलैच्या एका रात्री अडीच वाजता वडिलांना धाप लागली. बाहेर धो धो पाऊस होता. किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. साळवण मागे पडेपर्यंत आई वडिलांची छाती चोळत होती आणि मी रस्ता सोडून दुसरे काही पाहिले नाही. सव्वाचारला आम्ही दवाखान्यात होतो. वडील आता बरे आहेत आणि आपली आठवण काढतात.

मीटर आता २,०२,३०० वर आले आहे. आपण सांगितल्याप्रमाणे दहा हजारांची वाट न पाहता आठ हजारांनाच ऑइल बदलले. गेल्या आठवड्यापासून मात्र सकाळच्या पहिल्या स्टार्टला क्षणभर खुळखुळ्यात खडे हलावेत तसा आवाज येतो आणि लगेच थांबतो. येत्या शनिवारी संध्याकाळी गाडी गॅरेजात आणून लावतो, म्हणजे रात्रभर ती गार राहील. रविवारी सकाळी आपण स्क्रूड्रायव्हर लावून ऐका, आणि चेन व टेन्शनर आत्ताच बदलायचे की अजून थांबायचे, ते सांगा.

आपला कृतज्ञ,
गगनबावडा तालुक्यातील एक शिक्षक