गावाचा रकाना

दिवा (पूर्व), ठाणे
२० डिसेंबर २०२५

प्रिय सदा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. इथे महापालिकेच्या निवडणुकीची गडबड सुरू झाली आहे. १५ जानेवारीला मतदान, म्हणजे आपल्या मास्तर जमातीच्या मानगुटीवर ड्युटी बसलीच. ती उतरते न उतरते तोच जनगणना. तू लिहिलंयस, "वाडीत चाळीस घरं, सव्वीसांना कुलूप, शाळेचा पट पाच. मी सकाळी मोजायला निघालो तर दुपारी जेवायला घरी." वाचून आधी हसलो. मग हिला वाचून दाखवलं, तेव्हा काही हसू आलं नाही.

"आमचे सगळे तुमच्याकडेच आले ना?" असं तू विचारलंस. मी २०११चे आकडे काढून बसलो. तुझ्या रत्नागिरी जिल्ह्यात २००१ला १६,९६,७७७ माणसं होती, दहा वर्षांनी राहिली १६,१५,०६९. म्हणजे ८१ हजार कमी. सिंधुदुर्गही घटला, ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आला. आणि आमचा तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. देशातला सर्वांत जास्त लोकवस्तीचा जिल्हा ठरला. दहा वर्षांत नुसती वाढच २९ लाखांची. तुमचे दोन्ही जिल्हे, अगदी पाळण्यातल्या पोरांसकट, एका पारड्यात घातले तरी २५ लाख भरत नाहीत. तेव्हा सगळा दोष तुमच्या कुलपांना देऊ नकोस. तुमचे ८१ हजार इथल्या गर्दीत चिमूटभर मीठ. बाकीचं खानदेशातून, घाटावरून, उत्तरेतून आलं. आणि मुंबईतूनच किती आलं!

हे मुंबईचं लोकांच्या लक्षात येत नाही. मुंबई शहर जिल्हा, म्हणजे गिरगाव, लालबाग, परळ, भायखळा, हासुद्धा त्याच दहा वर्षांत घटला. ३३,३८,०३१ चे झाले ३०,८५,४११. टक्क्यांत बघितलं तर रत्नागिरीपेक्षा जोरात. तुमच्याकडे काम नाही म्हणून माणूस निघतो, तिथे जागा परवडत नाही म्हणून निघतो. दोघेही येऊन टेकतात ते माझ्या चाळीत.

२०११च्या फेब्रुवारीत जनगणनेच्या ड्युटीवर होतो, तेव्हा मला मोजायला दिलेल्या गटात दीडशेच्या आसपास घरं होती. त्यातला एक म्हातारा अजून डोळ्यांसमोर आहे. गिरणी कामगार, ८२च्या संपानंतर परत कामावर न गेलेला. भावाभावांत वाटण्या झाल्या तेव्हा लालबागची खोली विकली आणि वाट्याला आलेल्या पैशांत इथे दीड खोली घेतली. कुटुंबाच्या फॉर्मात २९ प्रश्न होते. जन्मस्थान? "लालबाग." आधी कुठे राहत होता? "लालबाग." मी लिहितोय, तर म्हणाला, "आणि गाव संगमेश्वर, तेही लिहा." म्हटलं, काका, गावाचा रकाना नाही. त्याला ते खरंच वाटेना. उठला, देवाच्या फोटोमागून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि माझ्यासमोर एक कागद ठेवला. ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती, बापाच्या नावाची, दरवर्षी न चुकता भरलेली. "मग हे काय आहे?" मी फॉर्म पुढे सरकवला आणि वयाचा प्रश्न विचारला. दुसरं करणार तरी काय होतो?

तेव्हा सदा, तुझ्या सव्वीस कुलपांमागे असली सव्वीस पावत्यांची घरं आहेत. मोजणीत माणूस लागतो तो जिथे मुक्कामाला सापडतो तिथे. शिरगणती जर गणपतीत केली असती तर दिव्याच्या अर्ध्या चाळी रिकाम्या आणि तुझी वाडी ओसंडून वाहताना दिसली असती. सरकार पडलं शहाणं, फेब्रुवारीत मोजतं. माझ्या गटात एक म्हातारी अशीच सुटली. काजू राखायला गावी गेली होती, महिनाभर इकडे फिरकणार नव्हती. सून म्हणाली, आमच्यातच धरा ना. नाही धरली. ती तुमच्या आकड्यात आली असेल.

फेब्रुवारीची दुसरी बाजू मला बहिणीने दाखवली. ती तेव्हा भिवंडी तालुक्यात शाळेवर होती. तिच्या गटात वीटभट्ट्या होत्या. जव्हार-मोखाड्याकडची आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर तिथे येतात, भट्टीशेजारी झापाच्या खोपटात राहतात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. मोजणीच्या वेळी ती भट्टीवर, म्हणून नोंद भट्टीवर. पाड्यावर म्हाताऱ्यांखेरीज कोण उरणार? एक कोटी दहा लाखांच्या आकड्यात हे दोन्ही टोकाचे तालुके एकत्र कोंबले होते. भातसा, तानसाचं पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात शहापूरच्याच पाड्यांवर टँकर जातात. आकड्याला त्याचं काय? १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला तेव्हा निदान कागदावर तरी फाळणी झाली. आठ तालुके तिकडे, सात इकडे. माणसांची वाटणी मात्र साधारण तीस लाख आणि ऐंशी लाख.

एक आकडा वहिनींना वाचून दाखव. दर हजार पुरुषांमागे रत्नागिरीत ११२२ बायका, राज्यात सर्वांत जास्त. ठाण्यात ८८६. गावात जत्रेचं भाषण करणारे याला स्त्री-सन्मान वगैरे म्हणतील. वहिनींना विचार, शेतीची लावणी, गुरं, सासू-सासऱ्यांचं दुखणं, शाळेच्या सभा हे सगळं एकट्याने उरकणाऱ्या किती जणी आहेत वाडीत. त्यांचे नवरे इथे एका खोलीत सहा-सहा जण झोपतात. दोन्ही आकडे एकाच संसाराचे आहेत.

आता माझं रडगाणं. २०२१ची जनगणना झालीच नाही; आता मोजणी धरणार १ मार्च २०२७ या तारखेला. मधली सगळी वर्षं आम्ही २०११च्याच आकड्यावर जगतोय. या निवडणुकीचे प्रभागसुद्धा त्याच लोकसंख्येवर पाडलेत. १३१ नगरसेवक, आणि दिव्यात त्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारती जणू कुणी मोजल्याच नाहीत. माझ्या गल्लीत तेव्हा सहा चाळी होत्या. आता त्यांच्या जागी सात मजली इमारती आहेत, आणि आज पाण्याच्या टँकरसाठी सकाळी पाचला लागलेल्या हंड्यांच्या रांगेत मी तेवीसावा होतो. तुझ्याकडे उलट. विहीर भरलेली, काढणारं कुणी नाही.

यंदा म्हणे सगळं मोबाइलवर. मागच्या वेळी फॉर्म घडी न घालता छातीशी धरून फिरलो होतो, तेवढा तरी त्रास वाचेल. घरयादीत तुला ती कुलपंही नोंदवावी लागतील, तेव्हा दुपारच्या जेवणाला परत येण्याचं विसर. कुलपाला प्रश्न विचारता येत नाही, शेजाऱ्याला शोधत हिंडावं लागतं.

तुझ्या पोराचं. येऊ दे त्याला. दोन महिने आमच्याकडे राहील, हिने माळ्यावरची गादी आजच उन्हात टाकली. पण खोली बघताना एजंटाच्या गोड बोलण्यावर जाऊ नको म्हणावं. डिपॉझिट द्यायच्या आधी एकदा सकाळी पाच वाजता जाऊन नळाला पाणी येतं का ते बघायचं. आणि त्याच्याबरोबर आमसुलं पाठव, इथली नुसती मिठाची असतात.

आईंना नमस्कार.

तुझा,
मधू